न वाचता होकार

सुकापूरच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये लिनक्सवर चालणारी मशीन्स अडली की ती दुरुस्त करणारा पोरगा उरणहून बाइकवर यायचा आणि हेल्मेट सरळ कीबोर्डवर आदळायचा. एका सॉफ्टवेअरला नवी लायब्ररी, म्हणजे त्याला लागणाऱ्या जोडफाइली, हवी, दुसऱ्याला जुनीच, असं भांडण लागलं की स्क्रीन विचारायचा, पुढे गेलात तर अमुक अमुक निघून जाईल, चालेल? हा न वाचताच 'येस'चं 'वाय' दाबून मोकळा.

"अहो, वाचा तरी!"

"काय नाय होत, सर. मी हाय ना."

परीक्षेच्या सकाळी प्रत्येक मशीनवर त्यानं असंच 'वाय' दाबलं आणि मराठी टायपिंगच उडालं. पोरी रडकुंडीला आल्या. हा म्हणतो, "परत टाकू, त्यात काय!" माझं डोकं सणकलं.

परत टाकायला आला, तेव्हा डाउनलोड होईपर्यंत त्यानं स्वतःचा लॅपटॉप उघडला. त्यावरही तेच भांडण, तोच प्रश्न. आता मात्र साहेब स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ पुटपुटत वाचत होते. मी संतापून 'वाय'कडे हात नेला. त्यानं माझं मनगटच धरलं.

"थांबा सर, वाचू द्या. हा माजा हाय."