तात्याबाचा येळवशीचा डबा

होटगीच्या अक्कम्माचा हात मोठा. मार्गशीर्षातल्या येळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, तिच्या शेतात पंचवीस-तीस माणसं सहज जेवून उठतात. सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगापोळी, मडकंभर आंबील. रस्त्यानं जाणाराही जेवल्याशिवाय सुटत नाही. त्या दिवशी कुणी एकट्यानं जेवायचं नसतं, ही तिच्या सासरची रीत.

आणि जो येणार नाही त्याला डबा. रेल्वेतून निवृत्त झालेला तात्याबा फाटकाजवळ एकटाच राहतो. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, तेव्हापासून दर येळवशीला अक्कम्माचा डबा त्याच्या दारात न चुकता पोचतो. या पुण्याचा तिला थोडा अभिमानही होता, उगाच लपवायचं कशाला.

यंदा डबा पोचवणारा तिचा मुलगा ड्युटीवर गेलेला, म्हणून ती स्वतःच निघाली. तात्याबा इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसला होता. तिनं डबा पुढं केला. त्यानं हात लावला नाही.

"न्या परत, अक्का."

अक्कम्माला राग आला. पहाटे उठून, कंबर मोडेस्तोवर रांधलेलं अन्न. "का? माझ्या हातचं गोड लागंना व्हय?"

"लई गोड लागतंय की." तात्याबा खाली बघत म्हणाला. "पर सणाला डबा कुणाच्या घरी धाडत्यात? ज्या घरात माणूस मेलंय त्या घरी. पयल्या वर्सी तुमी धाडला, बरोबर केलं. आता सा वर्सं झाली. माजं सुतक कदी फिटायचं?"

अक्कम्मा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. सहा वर्षं तिनं या माणसाला खायला घातलं होतं, पण 'या' म्हणून एकदाही बोलावलं नव्हतं. येणार नाही हे तिचं तिनंच ठरवून टाकलेलं. दर येळवशीला हा असाच तयार होऊन बसत असणार, हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"चुकलं माजं," ती म्हणाली. "उठा. आंबील वाढायला माणूस न्हाय माज्याकडं."

शेतात तात्याबानं बाह्या सारल्या आणि तांब्या घेऊन तो पंगतीतून फिरला. नको म्हणणाऱ्यालाही त्यानं वाढलं. पाहुण्यांत कुणीतरी सरकून त्याला जागा केली, तर त्यानं मान हलवली. सगळे जेवून उठल्यावर अक्कम्मा आणि तिची सून बसल्या, तेव्हा तो त्यांच्या शेजारी बसला, घरच्यांच्या पंगतीला.