रंगावर कसलेले नट

माझं आजवरचं सगळ्यात बरं लिखाण मामाच्या टायरच्या दुकानात भिंतीला चिकटवलेलं होतं. एकच पान. त्यात ना घोषणा, ना उद्गारचिन्ह. ट्रकच्या चाकाचे नट कसे आवळायचे, एवढंच त्यात होतं.

मामाचं दुकान शहापूरजवळ, महामार्गाला लागून. एका ट्रान्सपोर्टवाल्याने हट्ट धरला म्हणून मामाने टॉर्क रेंच विकत घेतला. त्याच्या डब्यात इंग्रजी पुस्तिका होती आणि ती वाचायचं काम माझ्याकडे आलं. कागद वाचून समजावायचं काम नेहमी माझ्याकडेच यायचं. वडील अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीतले. घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्याच कोऱ्या बाजूवर, आणि पुढे भांडायला शिकले ते छापील बाजूवरून.

त्याआधी मामाची पद्धत साधी होती. पान्याला लोखंडी पाइप जोडायचा, त्यावर उभं राहायचं, दोनदा उडी मारायची, झालं. आता आकडा लावला की तेवढ्या जोराला रेंच ‘टक्’ करायचा आणि हात थांबवायचा.

“पाना हाय का घड्याळ?” मामा पहिल्या दिवशी म्हणाला.

“मामा, जास्त ताणला तर आतला बोल्ट लांबतो आणि पुढे कधीतरी तुटतो. कमी ताणला तर चाक डुगडुगतं. तुमच्या वजनावर थोडंच सोडायचं?”

“म्हंजे मी जाडा झालो म्हनतेस.”

पण महिन्याभरात त्याला त्या टक् आवाजाची गोडी लागली. पानावर मी जे लिहिलं ते तो अक्षरशः पाळायचा. चाक बसायची जागा तारेच्या ब्रशने घासा. नट समोरासमोरचे आवळा, ओळीने नको. मध्ये रंग किंवा गंज राहू देऊ नका. आणि चाक बसवल्यावर साठ-सत्तर किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा रेंच लावा. हे शेवटचं मी लाल पेनाने लिहिलं होतं. मामा प्रत्येक ड्रायव्हरला ते सांगायचा, तो परत आला की चहा पाजायचा, पण पुन्हा रेंच लावल्याशिवाय पुढे सोडायचा नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अष्टमीला मुरबाडकडचा एक ड्रायव्हर मागची टायरं बदलायला आला. आमच्या जुन्या ओळखीचा, गाडी स्वतःची. दसरा तोंडावर होता, म्हणून टायर चढण्याआधी त्याने चाकांच्या लोखंडी रिमा तिथेच अंगणात लाल ऑइलपेंटने रंगवल्या, दोन हात देऊन, आतून-बाहेरून. रंग दुपारपर्यंत नीट वाळलाही नव्हता. मामाने एक-दोन शिव्या घातल्या, थोडा रंग खरवडला आणि सणाच्या घाईत चाकं चढवली. सगळे नट टक् झाले.

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी ये. ह्यो रंग चेपनार,” मामा म्हणाला. त्याला कळलं होतं. नट हलत नाही, फिरत नाही, पण त्याच्याखालचा रंग दबून पातळ होतो आणि काल घट्ट असलेला नट आज सैल असतो.

खंडेनवमीला हत्यारं धुऊन-पुसून पुजायची आणि दसऱ्याचा दिवस मावळेपर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही, अशी मामाच्या दुकानाची रीत. पाटावर पाने, जॅक, टायर उचकटायच्या पट्ट्या, मधोमध टॉर्क रेंच, वर झेंडू. मला तेव्हाही हे पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. अवजाराचा मान ते नीट वापरण्यात असतो, यावरून मी मागे हटलेली नाही.

पण रीत मामाची होती आणि तिच्यातून वाटही त्यानेच काढलेली होती. आदल्या वर्षी दसऱ्यालाच बाळंतिणीला घेऊन निघालेली जीप दुकानासमोर पंक्चर होऊन बसली. तेव्हा मामाने पान्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला, “माफी कर” म्हणाला आणि पाना उचलला. काम झाल्यावर पुसून परत फुलांत ठेवला. मी तिथेच होते. मी ते पाहिलं होतं.

त्या दसऱ्याला सकाळी दहाच्या सुमाराला लाल चाकांची ती गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर घरी जाऊन आला होता, मुरबाडच्या कारखान्यातून माल भरून आला होता आणि अचानक मिळालेलं नाशिकचं भाडं घेऊन निघाला होता. पूजेला आजूबाजूचे दहा-बाराजण जमलेले.

“मामा, जरा नट बघता का? मंग घाटाला लागतो,” तो म्हणाला.

मामा पाटासमोर वाकला. त्याने रेंचला हात लावला, तो हात कपाळाकडे नेला.

आणि मी बोलले. माझी वाक्यं सकाळपासून तयार होती. नटांचा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यातही नव्हता. मी म्हणाले, “आता माफी कशाला मागायची? लोखंडाला मन असतं का? एका माणसाचा जीव चाकावर आणि तुम्ही पान्याला फुलांत झोपवता, तुमच्या या देवाची आणि तुमच्या अकलेची मला कीव येते.” अजूनही बरंच बोलले. कुणीतरी हसलं. मामाचे सासरे उठून बाहेर गेले.

मामाचा हात खाली आला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आज पाना उटनार नाय,” तो ड्रायव्हरला म्हणाला. “तुज्याकडचा लावून बघ.”

“त्यो पन घरी पाटावरच हाय, मामा.” ड्रायव्हर दोन-चार नट हाताने चाचपून आला. “ऱ्हाऊ द्या. घट हायेत. उद्या येताना बघू.” मग माझ्या हातात आपट्याचं पान ठेवून म्हणाला, “ताई, भाषन झकास झालं. पन सोनं घेशील का नाय?”

मी सोनं घेतलं. नटांबद्दल एक शब्द बोलले नाही. “मामा, रंगावर कसलंय, एकदा बघाच,” एवढं हळू आवाजात म्हटलं असतं तरी मामाने ऐकलं असतं. भिंतीवरचं पान त्याला माझ्याइतकंच पाठ होतं.

खर्डी ओलांडल्यावर, कसाऱ्याच्या अलीकडे, डाव्या बाजूची मागची दोन्ही चाकं निघाली. गाडी कलंडून रस्त्याकडेच्या चरात गेली. ड्रायव्हर वाचला. पण त्याचा डावा पाय क्लचखाली चेंगरला होता. ठाण्याला नेऊन पाय राखला, मात्र घोटा वळायचा थांबला. क्लच दाबू न शकणारा माणूस ट्रक चालवू शकत नाही. आता तो एका गोदामाच्या फाटकावर बसतो.

मामाने कुणावर ढकललं नाही. विचारायला येईल त्याला सांगायचा, “रंगावर कसला, माजी चूक.”

आणि मी चौथ्या दिवशी पत्रक लिहिलं. ‘पाना देव्हाऱ्यात, ड्रायव्हर दवाखान्यात’. मथळा सुचला तेव्हा मला आनंद झाला होता, हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता. चळवळीतल्या आम्ही चार-पाचजणांनी ते शहापूरच्या एसटी स्टँडवर आणि मुरबाडच्या बाजारात वाटलं. नाव कुणाचंच नव्हतं. ‘महामार्गालगतचं एक टायरचं दुकान’ एवढंच. तेवढं पुरलं. आठवडाभरात ट्रक दुकानासमोरून न थांबता जायला लागले.

मामाने पत्रक माझ्यासमोर वाचलं, ओळीखाली बोट धरून, सावकाश. पूर्ण झाल्यावर घडी घातली.

“चांगलं लिव्हतेस. येकच सांग. पाटाकडं ग्येलेला माजा हात तू बघितलास का नाय?”

“नाही,” मी म्हणाले.

सत्यासाठी वाट्टेल ते करू म्हणणाऱ्या घरात वाढलेली मी. पण हो म्हटलं असतं तर पत्रकाचा कणाच मोडला असता. हट्टाने न उठलेला पाना लोकांना कळतो. उठता उठता एका पोरीच्या भाषणाने खाली बसलेला पाना कुठल्या मथळ्यात बसवणार?

मामाने मान हलवली आणि कामाला लागला. भिंतीवरचं पान त्याने काढलं नाही. ट्रकची चाकं मात्र घ्यायची सोडली.

ड्रायव्हरकडे जायला मला दीड वर्ष लागलं. गोदामाच्या फाटकाशी खुर्चीत बसला होता, पाय समोरच्या स्टुलावर. मी सगळं सांगितलं. त्याने मला मध्ये थांबवलं नाही. मग म्हणाला, “मला म्हाईत हाय, ताई. मी म्होरंच हुबा व्हतो की. मामा उचलतच व्हता.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“कागद माज्या बाजूचा व्हता. आपल्या बाजूच्या कागदाला कोन खोटं म्हनतं?” तो हसला. मग हसू ओसरलं. “पन मामाकडं जायला त्वांड नाय ऱ्हायलं. रंग तर मीच लावला व्हता.”

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, बसून मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात हात होता, जीप होती, रंग होता, मी होते. मथळा दिला नाही. मामाकडे घेऊन गेले. तो स्कूटरची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

“मामा, मी पाहिला होता हात.”

“हं.”

“हे वाटते मी उद्या.”

त्याने ओल्या हाताने कागद घेतला नाही. “ज्यांनी पयला वाचला, त्ये सारे आता कुटं गावतील गो? नवीन मानूस इचारील, ह्ये कशाचं हाय. मंग तू पयल्यापास्नं सांगशील. परत माजंच दुकान चव्हाट्यावर.”

 तेवढ्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, “काका, मागची चाकं आवळून मिळतील का?”

मामा उठला नाही. “फुडं जा,” त्याने रस्त्याकडे हात केला. “खर्डीच्या अलीकडं दुकान हाय. चांगला मानूस हाय.”

ट्रक निघून गेला. मामाने ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. मी कागद घेऊन तिथेच उभी होते.