साकायच्या ओढ्यातला नर

माझी बायको लिविया दगडमाश्यांची मास्तरीण आहे असं सांगितलं, की कुएंकाच्या बाजारात लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मग एफ्राइन, तुझ्या घरी चूल कोण पेटवतं?" माझी बहीण सोइला पेटवते. ती मोते, म्हणजे सोलून उकडलेला मका, विकते. आमच्याच स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात मका राखेच्या पाण्यात उकळायचा, साली सुटल्या की चोळून चोळून धुवायचा, हा तिचा रोजचा उद्योग. उरलेला वेळ भावजयीला टोमणे मारण्यात जातो. मी दुधाची गाडी चालवायचो. आता गुडघे गेलेत, गाडी तेवढी शिल्लक आहे.

दगडमाशीचं पिल्लू थंड वाहत्या पाण्यात दगडाखाली वाढतं. पंख फुटले की थोडे दिवस काठाकाठाने उडतं आणि मरतं. लिवियाला साकायच्या ओढ्यात डोक्यावर पिवळा पट्टा असलेली पिल्लं सापडली, आणि ही जात अजून कुणी लिहिलेली नाही हे तिच्या लक्षात आलं. पिल्लं ढीगभर मिळाली, माद्याही मिळाल्या. पण या कामात नर लागतो. नराच्या शेपटाच्या टोकाला हुकासारखे बारीक आकडे असतात, ते बघून त्यांचं चित्र काढायचं, तेव्हा कुठे ही जात वेगळी म्हणता येते. आणि जो वर्णन लिहितो, तोच नाव देतो.

उभा जन्म तिने दुसऱ्यांनी नावं दिलेल्या माश्या कॉलेजात शिकवल्या. एकदा, एकाच जिवाला, स्वतः नाव द्यायचं होतं. दुसरं काही मागितलं नाही तिने. आम्हाला मूलबाळ नाही, पण त्याचा आणि याचा संबंध जोडू नका. मी एकदा जोडला होता, तर आठवडाभर अबोला धरला होता.

तर आमच्या संध्याकाळी अशा जायच्या. ओढ्याकाठी दोन काठ्यांना पांढरी चादर बांधायची, पुढे दिवा ठेवायचा आणि थंडीत कुडकुडत बसायचं. दिव्याला सगळं जग यायचं. पतंग यायचे, डास यायचे, शेजारच्या मळ्यातलं कुत्रं यायचं. नर काही यायचा नाही.

"म्हातारे, त्या नराला काय निमंत्रण धाडायचं का?" मी म्हणायचो.

"तू गप्प बसलास तर येईल," ती म्हणायची.

त्यात तिला काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. उजव्या डोळ्यात थोडी धुगधुगी होती, तेवढ्यावर चित्र काढून होईल असा तिचा हिशेब होता. आणि एका संध्याकाळी चादरीच्या कडेला तो येऊन बसला. तिने भिंगातून पाहिलं आणि माझा हात इतका घट्ट धरला, की मलाच कळेना माशी कुणाला सापडली.

त्या आठवड्यात कॉलेजला संपाचं कुलूप होतं. थांबायला तिचा डोळा तयार नव्हता. म्हणून तिने काम घरीच काढलं. शेपटाचं टोक कापून पोटॅशच्या, म्हणजे राखेच्याच जातीच्या कडक पाण्यात गरम करायचं, म्हणजे आतलं मांस विरघळतं आणि आकडे मोकळे दिसतात. टोक केवढं, तर जिऱ्याच्या दाण्याचं टोक असतं तेवढं. छोट्या वाटीत ते घालून तिने मंद आचेवर ठेवलं, मग वाटी खाली उतरवून ओट्यावर निवत ठेवली. डोळ्यात औषध घातलं, आणि औषध घातल्यावर जरा पडायचं असतं म्हणून पडली. थकली होती, डोळा लागला.

उठून स्वयंपाकघरात आली, तेव्हा सोइला मका धूत होती.

"वहिनी, तुझी वाटी घासून ठेवलीय," ती म्हणाली. "राखेचं पाणी असं उघडं टाकून झोपतात का कुणी? मामाच्या पोराचं नरडं कसं जळालं होतं, विसरलीस?"

आमच्याकडे हे पाणी उघडं ठेवत नाहीत. काम झालं की लगेच ओतून टाकायचं, हे पोरींना चालायला शिकवतात तेव्हाच शिकवतात. सोइलाने वास घेतला, बोटांनी बुळबुळ पाहिली आणि ओळखलं.

"कुठे ओतलंस?" लिवियाने विचारलं.

"नेहमीच्या जागी. कुईंच्या खुराड्यामागे."

आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून तिथला चिखल चाळणीतून गाळत राहिलो. कुई, म्हणजे आमचे पाळलेले गिनीपिग, भुकेने केकाटत होत्या. चाळणीत येत होत्या त्या मक्याच्या साली, वर्षानुवर्षांच्या. सोइलाला काय झालं ते समजलं तेव्हा ती तिथेच रडायला लागली. मला दोघींचा राग आला होता, एकीने झोपावं आणि दुसरीने सांडावं. लिविया मात्र सोइलाचे हात धुऊन देत म्हणाली, "तू बरोबर केलंस गं. मीसुद्धा ओतलंच असतं. आता रडू नकोस, मला त्राण नाही."

पुन्हा चादर बांधली. आता मी कुरकुर करत नव्हतो, तर तीच म्हणाली, "बोल की काहीतरी, भीती वाटते." पावसाळा गेला, दुसरा आला. आणि नर आला. मीच त्याला बाटलीत घेतला. या खेपेला वाटी गरम करताना सोइला पळी घेऊन दारात उभी होती आणि मला पाणी प्यायलासुद्धा आत सोडत नव्हती.

टोक काचेवर आलं. लिवियाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग उठली आणि मला म्हणाली, "तू बघ."

"दोन आकडे आहेत," मी सांगितलं.

"आत वळलेत की वर?"

"आत. नाही, थांब. वर असतील."

"टोकाला दात आहे?"

मी दूधवाला माणूस. मला जे दिसत होतं ते सांगता येत नव्हतं, आणि तिला सांगता आलं असतं ते दिसत नव्हतं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे."

बाटली कीतोच्या डॉक्टर लानासांकडे गेली, तेही असल्या माश्यांचेच अभ्यासक. भला माणूस. दोघांच्या नावाने छापू म्हणाला. ही म्हणाली, "जे मी पाहिलं नाही, त्याखाली माझी सही नको." मग त्याने एकट्याने लिहिलं, आणि रिवाजाप्रमाणे नाव दिलं. माशीला स्वतःचं नाव स्वतः देता येत नाही, दुसऱ्याने द्यावं लागतं. त्याने माशीला लिवियाचं नाव दिलं.

फोन आला तेव्हा सोइला नाचायचीच बाकी होती. मोतेने भरलेली वाटी भावजयीच्या हातात देत म्हणाली, "बघ वहिनी, मी सांडलं म्हणून तुझं नाव लागलं. नाहीतर लागलं असतं का?"

"नसतं लागलं," लिविया म्हणाली, आणि वाटीतला शेवटचा दाणासुद्धा संपवला.

सोइला बाजारात सांगायला गेली. मी विचारलं, "तू काय ठेवणार होतीस?"

"साकाय. ओढ्याचं."

"एवढंच?"

"एवढंच." तिने डोळे पुसले, औषध होतं की काय कोण जाणे. "मला नाव द्यायचं होतं रे, म्हाताऱ्या. घ्यायचं नव्हतं."

काठ्यांना बांधायची चादर मागच्या दोरीवर वाळत होती. मी ती काढून आणली आणि रात्री आमच्या अंथरुणावर घातली.