पाव किलोच्या दहा पिशव्या

सौदीतल्या बुरैदा शहरात खजूरबाजारामागे एक बकाला आहे, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान. तिथे सिराजुद्दीन परकार बावीस वर्षं गल्ल्यावर उभा राहिला. माणूस श्रीवर्धनकडचा, तोंडाचा फटकळ, पण मालाच्या बाबतीत इतका सोवळा की विचारू नका. दर गुरुवारी फळीन् फळी धुंडाळायचा. तारीख उलटायला आठवडा उरलेला डबा दिसला की बाहेर. लेबल सुटलेली बाटली तर तो मालकालाही विकू द्यायचा नाही. ज्याच्या अंगावर कागद नाही ते अन्नच नव्हे, असं म्हणायचा. बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, तपासनीस यायचे, पाहायचे आणि निघून जायचे. बावीस वर्षांत एकदाही दंड नाही.

एवढं जपून वागायला कारण होतं. मुलगी आलिमा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. सिराजच्या धाकट्या भावाने गावात तिच्यासाठी स्थळ आणून ठेवलं होतं. सिराजने त्याला ठणकावलं, मी इथे कमावतोय तोवर पोरगी शिकेल. अजून दहा महिने काढायचे होते, बस्स.

मग बायकोने, शरफुन्निसाने, सुट्टीत गावी जाऊन आलेल्या तल्हा नावाच्या गाववाल्याच्या हाती अडीच किलो मसाला पाठवला. घरी भाजलेला, घरी कांडलेला. आता रीत अशी, की एकाच्या घरून काही आलं की ते शहरातल्या साऱ्या गाववाल्यांचं. आणि वाटणी जरा उणीअधिक झाली की वर्षभर तोंडं वाकडी. मागच्या खेपेला सुकटीवरून तेच झालं होतं. म्हणून या शहाण्याने काय करावं? दुकानाच्या काट्यावर तोलून पाव-पाव किलोच्या दहा पिशव्या भरल्या, दुकानाच्याच मशीनवर त्यांची तोंडं बंद केली, आणि शुक्रवारच्या नमाजनंतर लोक न्यायला येतील म्हणून गल्ल्याखाली मांडून ठेवल्या. अरे बाबा, खोलीवर नेऊन वाटायच्या होत्यास! पण अक्कल नेमकी तेव्हाच चरायला जाते.

गुरुवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर तपासनीस आला. पोरगेलासा, बोलायला मऊ. फळ्या पाहून खूश झाला आणि मग गल्ल्याखाली वाकला. सिराजने सांगितलं, हे घरचं आहे, गाववाल्यांना वाटायचंय, विकायचं नाही. तपासनीसाने एक पिशवी काट्यावर ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. आकडा जागचा हलला नाही.

"हाज," वडीलधाऱ्याला म्हणतात तसं तो म्हणाला, "घरचं खाणं कोणी असं तोलतं का?"

दुसऱ्या कुणी सिराजला हीच हकिगत सांगितली असती, तर त्यानेही ती खरी मानली नसती.

बिनलेबलाचा माल विकल्याचा ठपका बसला, दुकान आठवडाभर बंद झालं. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो दुकानमालक, तसा वाईट माणूस नव्हता. पण कुणाला तरी काढून टाकल्याचं दाखवणं त्याला भाग होतं. सिराजने एवढंच मागितलं, की गोदामात ठेवा, पोती उचलतो, दहाच महिने. कफील म्हणाला, खलास. कायमच्या परतीचे कागद झाले.

गाववाले खोलीवर येऊन हळहळले. त्यांच्यातल्याच कुणीतरी गावी फोन लावला. राहवतंय कुठे लोकांना! सिराजला मात्र तेच सांगायची हिंमत गोळा करायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्याने घरी फोन केला, तो आलिमाने उचलला. बेटा, आपण काहीतरी करू, असं तो कसंबसं म्हणू लागला.

"अब्बा, मी चाचांना हो म्हटलंय," ती म्हणाली. "कॉलेजातही सोडतेय म्हणून सांगून आले."

"मी येतोय ना. थांब जरा."

"आल्यावर काय करणार, अब्बा?"

ती रागाने बोलत नव्हती, खरंच विचारत होती. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.