फरशीखालची माती

आई गेली तेव्हा संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा नुकतीच संपली होती. दिवसकार्य आटोपलं आणि बार्शीचा भाऊ निघाला. पिशवी खांद्याला लावून दारात घुटमळत म्हणाला, "ताई, तूही चल की थोडे दिवस." मी म्हटलं, "येते नंतर." रिक्षा कोपऱ्यावर वळली, मी दार लावलं, आणि आता काय करायचं ते मला कळेना.

लग्न मी केलं नाही. सरकारी कचेरीत कारकून होते. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा नोकरी मुदतीआधीच सोडली. त्यानंतरची सगळी वर्षं तिला उठवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, भाकरी दुधात कुस्करून भरवणं यातच गेली. माझे दोन्ही हात दिवसभर तिच्या अंगाला लागलेले असायचे. ती गेल्यावर लोक म्हणाले, "सुटली बिचारी." काही जण माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीही सुटलात." मी मान हलवली. पण सुटलेले हात ठेवायचे कुठे, हे कुणी सांगितलं नाही.

स्वयंपाक करावासा वाटेना. शेंगाचटणी आणि कडक भाकरी असली की माझं भागायचं. टीव्ही लावून ठेवायचे, घरात कुणीतरी बोलतंय एवढ्यासाठी. झोप उडाली म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "माणसांत जात जा." एकदा बार्शीला जाऊनही आले. तिथं सगळी आपापल्या कामात. वहिनी मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देईना. पाहुणी म्हणून बसायचा कंटाळा आला, परत आले.

एके दिवशी भाजीवाल्यानं सुटे पैसे हातावर ठेवले. त्याची बोटं तळहाताला लागली, आणि घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. कितीतरी दिवसांत मला कुणी शिवलंच नव्हतं.

उन्हाळा लागला आणि मागच्या परसातली मोरीची नळी तुंबली. परस म्हणजे नावालाच. आईला चाकाच्या खुर्चीवरून तिथं नेता यावं म्हणून मीच सगळीकडे शहाबादी फरशी घालून घेतली होती. प्लंबर आला, मधल्या फरश्या फोडून काढल्या, नळी बदलली आणि जाताना म्हणाला, "मावशी, गवंडी पाठवतो की दोन दिवसांत." गवंडी काही आला नाही. परसाच्या मधोमध काळ्या मातीचा एक पट्टा उघडा पडून राहिला.

सकाळी धुणं वाळत घालताना एका ढेकळाला माझा पाय अडखळला. ते बाजूला सारावं म्हणून वाकले आणि हातात घेतलं. वरून टणक, पण दाबलं तसं आतून ओलसर निघालं, बोटांत भुगा झालं. मी दुसरं फोडलं. मग खाली बसकणच मारली. फरशीखाली इतकी वर्षं झाकलेली ती माती वरून उन्हानं कोमट झाली होती, आणि बोटं खाली घातली की गार लागत होती. तिला हाताखाली एक भार होता, एक मऊपणा होता. किती वेळ बसले होते देव जाणे. बादलीतलं धुणं तसंच पिळा होऊन राहिलं.

"मॅडम, काय शोधायलाव? कानातलं पडलं का?"

भिंतीपलीकडून शेजारच्या बाई डोकावत होत्या. तेलुगू बोलणारं विणकराचं घर, बाई एकट्याच राहायच्या. इतक्या वर्षांत आमचं बोलणं "पाणी आलं का?" याच्या पुढं गेलं नव्हतं.

"काही नाही पडलं," मी म्हटलं.

"मग माती का उकरायलाव?"

"बरं वाटतंय," एवढंच तोंडून निघालं. ते बोलल्यावर माझं मलाच नवल वाटलं, कारण ते खरं होतं.

बाई आत गेल्या आणि बियांची कागदी पुडी घेऊन आल्या. "गोंगुरा हाय. तुमची अंबाडी. टाका हितं."

आठवड्यानं गवंडी सिमेंट घेऊन उगवला. मी त्याला म्हटलं, "फरशी बसवू नको. उलट भिंतीकडच्या दोन रांगा अजून काढ."

"चिखल होईल की, मावशी. विंचू निघतील."

"निघू दे."

तो हसला आणि पहार घेऊन कामाला लागला.

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, म्हणून तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी साठवून घालायचे. पहिली रोपं उन्हानं करपली. पुन्हा पेरलं, वर आईच्या जुन्या लुगड्याची सावली बांधली. त्या दिवशी लुगड्याची गाठ मारून खाली बसले, रोपांभोवतीची माती सारखी करू लागले, आणि हात मातीत असतानाच मला रडू कोसळलं. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते. लोकांचं चहापाणी बघत होते. आता मात्र हुंदके आवरेनात. पलीकडे बाई पापड वाळत घालत होत्या. त्यांनी बघितलं, पण हाक मारली नाही. माझं रडणं थांबेपर्यंत तिथंच उभ्या राहून पापड उलटत राहिल्या.

त्यानंतर गोळ्या हळूहळू सुटल्या. डॉक्टरांना मातीचं सांगितलं, तर म्हणाले, मातीतले काही सूक्ष्म जीव मनाला बरे असतात असं म्हणतात खरं. असतीलही. मला एवढंच ठाऊक आहे, की ज्या दिवशी हात मातीत जातात त्या दिवशी मला भूक लागते.

अंबाडी आली तेव्हा कण्या घालून, लसणाची फोडणी देऊन भाजी केली आणि वाटी भिंतीवरून दिली. बाईंनी वाटी घेतली आणि माझा हात उलटा करून नखं बघितली. "लई काळी झाली की," म्हणाल्या आणि हसल्या. हात लगेच सोडला नाही.

पावसाळ्यानंतर त्यांची मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन गेली. गुडघ्यांनी पार हार मानली होती. त्या घराला आता कुलूप आहे. संध्याकाळी मी सवयीनं भिंतीकडे बघते, मग माझं मीच खुरपं उचलते. एकटेपणा गेला असं नाही म्हणणार. तो घरात आहेच. परसात असले की त्याचा तेवढा त्रास होत नाही.

परवा भाजी फार झाली. एक जुडी बांधून गल्लीच्या टोकाच्या घराची बेल वाजवली. तिथं कोण राहतं ते मला माहीत नव्हतं. एका तरुण बाईनं दार उघडलं.

"याच गल्लीत राहते मी. अंबाडी आणलीय, घरची आहे."

तिनं जुडी घेतली, वास घेतला. "या की आत."

"आज नको," मी म्हटलं, "येईन." आणि खरंच जाईन की नाही याचा विचार करत परत फिरले.