दोन चादरींची वेळ

इस्त्रीकाकूंना घड्याळ कधी लागलं नाही. त्यांची वेळ चादरींवर चालायची. चादरीवर पाणी शिंपडायचं, दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवायची, चौकोनी घडी घालायची, की झाली एक चादर. अशा दोन झाल्या की पाव तास गेला. कुणाचं घड्याळ मागे-पुढे झालं असेल, काकूंची चादर नाही.

गल्लीच्या टोकाला सहा खोल्यांचं एक घर होतं. त्या खोल्यांमध्ये सहा बाया धंदा करायच्या, तोही भर दुपारी, कारखान्याची पाळी सुटली की. मधल्या पॅसेजमध्ये काकूंचं टेबल आणि त्यावर कोळशाची इस्त्री. लोकांना वाटायचं, म्हातारी चादरी करते. चादरी करायचीच, पण तिचं खरं काम होतं ऐकायचं. खोल्यांच्या भिंती फळ्यांच्या होत्या. गिऱ्हाईक आत गेलं की दुसरी चादर संपायच्या आत त्या खोलीतून फळीवर दोनदा टकटक यायची. काकू इस्त्री टेबलावर दोनदा आपटून उत्तर द्यायच्या. म्हणजे तू आहेस, मीही आहे. टकटक नाही आली, तर काकू दारापाशी जाऊन विचारायच्या, "चादर हवी का?" आतून "नको" आलं की सगळं ठीक. "दोन दे" आलं, की काकूंनी आरडाओरडा करायचा आणि सगळ्या खोल्यांची दारं एकदम उघडायची.

एकोणतीस वर्षांत "दोन दे" फक्त चार वेळा आलं. ते चारही दिवस काकूंना तारखेसकट पाठ होते. बाकी नातवंडांच्या वाढदिवसांची सून आठवण करून द्यायची.

त्याआधी काकू स्वतःच त्यातल्या एका खोलीत होत्या. एकदा धाड पडली, दोन महिने तुरुंगात काढले. बाहेर आल्या तेव्हा बहिणीकडे ठेवलेला मुलगा आठ दिवस जवळ आला नाही, दाराआडून बघायचा. तेव्हाच त्यांनी कानाला खडा लावला आणि हातात इस्त्री घेतली. आता मुलगा मोठा झाला, लग्न झालं, काकू त्याच्याच घरी राहायच्या. आई एका लॉजच्या चादरी करते, एवढंच त्याला माहीत होतं. जास्त माहीत असलं तरी तो विचारत नव्हता आणि काकू सांगत नव्हत्या. घर असंच चालतं, निम्मं बोलण्यावर आणि निम्मं न बोलण्यावर. पण दारावर खाकी कपड्यातला माणूस उभा राहिला, मग तो पोस्टमन का असेना, काकू मागे सरायच्या आणि दार सुनेला उघडू द्यायच्या.

मग नवा कायदा आला. धंदा आता गुन्हा राहिला नाही. बायांना फोटोचं कार्ड मिळणार, दर पंधरवड्याला डॉक्टर तपासणार, खोलीत घंटा बसणार. सहा नंबरच्या चष्मेवालीला सगळ्यात जास्त आनंद झाला. तिचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड, काढला की समोरचा माणूस तिला धुक्यातल्या खांबासारखा दिसायचा. पण वाचायची सगळ्यांत जास्त तीच. सभेला जायची, कागद आणायची आणि सगळ्यांना वाचून दाखवायची.

"काकू, आता कुणी मारलं तर आपण चौकीत जायचं," ती म्हणाली. "आजवर चौकीच आपल्याकडे यायची."

"चौकीपर्यंत चालत जाता आलं म्हणजे मिळवलं," काकू म्हणाल्या.

"तुमचं आपलं नेहमीचंच. दुधाने तोंड पोळलं म्हणून पाणीही फुंकून पिता."

काकू हसल्या. कायदा वाईट आहे असं त्यांनाही वाटत नव्हतं. पोरी मान वर करून गल्लीतून चालायला लागल्या होत्या, हे त्यांना दिसत होतं. त्यांच्या वेळी असं काही असतं, तर ते दोन महिने त्यांनी तुरुंगात काढले नसते. पण फळ्या काढून विटांच्या जाड भिंती घालायच्या असं ठरलं, तेव्हा काकूंनी हातातली इस्त्री खाली ठेवली. आडोसा हवा, असं नियमात लिहिलं होतं. आडोसा हवाच, कोण नाही म्हणतं? पण विटेतून टकटक येत नाही.

तपासणीबाई आली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. ही बाई चाळिशीची, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, बोलायला मऊ. घरात फक्त कार्डवाल्या बाया आणि गिऱ्हाईक, तिसरं कुणी नाही, असं तिने सांगितलं. कुणी बसून बायांच्या जिवावर खाऊ नये म्हणून हा नियम. मदतनीस ठेवता येईल, पण मदतनीसालाही कार्ड लागेल. काकूंनी कार्डासाठी अर्ज केला. आठ दिवसांनी तपासणीबाईने त्यांना बाजूला घेतलं.

"आजी, तुमच्या नावावर जुनी शिक्षा आहे."

"याच धंद्याची ना ती? तो तर आता गुन्हा नाही म्हणता."

"आता नाही. तेव्हा होता."

"मग पुसा की."

"पुसायचा नियम अजून आलेला नाही," तपासणीबाई म्हणाली, आणि तिलाही ते बोलताना बरं वाटलं नसावं, कारण तिने चष्मा काढून विनाकारण पुसला. काकू आत सापडल्या तर सहा महिने तुरुंग, आणि त्या घराचा परवाना रद्द. म्हणजे त्यांच्याबरोबर सहाही जणी रस्त्यावर. शिवाय नोटीस राहत्या घराच्या दारावर लागणार. मुलाच्या दारावर.

त्या रात्री काकूंचा डोळा लागला नाही. सकाळी त्यांनी टेबल उचललं आणि घरामागच्या बोळात नेऊन ठेवलं. बोळ सरकारी, तिथून त्यांना कुणी उठवू शकत नव्हतं. पण तिथे फक्त सहा नंबरचा झरोका उघडत होता, उंचावर, गजांचा. चष्मेवालीने कॉटवर उभं राहून गजावर फणीने दोनदा वाजवून दाखवलं. काकूंनी खालून इस्त्री आपटली. तोवर भिंती विटांच्या झाल्या होत्या, घंटा बसल्या होत्या. बाकीच्या पाच जणींना काय ते घंटेच्या भरवशावर सोडलं. घंटा दाबली की दोन गल्ल्या पलीकडच्या चौकीत वाजायची आणि पहारेकरी यायचा.

महिना तसा गेला. काकू खालून चादरी मोजायच्या आणि झरोक्याकडे बघून बघून मान अवघडून घरी जायच्या. सून मान चोळून द्यायची आणि म्हणायची, सासूबाई, असं काय बघत बसता आकाशात? काकू म्हणायच्या, विमानं.

मग ती दुपार आली. ढगाळ होती, पण उजेड भरपूर होता. पावलांचा आवाज काकूंनी झरोक्यातून ऐकला. रबरी तळव्याचे बूट, जड माणूस. त्यांनी पहिली चादर घेतली. ती झाली. दुसरी घेतली, ती जरा हळू केली, मुद्दाम. घडी घालताना कान वर लावला. काही नाही. त्यांनी घडी मोडून पुन्हा घातली. काही नाही.

विसरली असेल, काकूंनी स्वतःला सांगितलं. नवीन सवय आहे, फणी हाताला लागली नसेल. घंटा आहेच की. घंटा दाबेल, पहारेकरी येईल, तो त्याच कामासाठी बसलाय. तिसरी चादर त्यांनी हातात घेतली, पण पाणी शिंपडायचं राहून गेलं.

तेवढ्यात झरोक्यात दिवा लागला. मग विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला.

भर दुपारी दिवा कोण लावतं? काकू बघत राहिल्या, आणि मग त्यांना उमगलं. घंटेचं बटण दिव्याच्या बटणाला खेटून बसवलेलं होतं, तेवढंच लहान, तेवढंच गोल. घंटेचं लाल, दिव्याचं पांढरं, एवढाच फरक, आणि तो फरक डोळ्यांनी दिसायचा. ज्यांनी ते बसवलं त्यांना चष्मा नसावा, किंवा असला तरी तो काढून काम करावं लागत नसावं. पोरगी घंटा दाबत होती. तिला वाटत होतं, चौकीत वाजतेय.

काकू जागच्या हलल्या नाहीत. खोटं कशाला सांगायचं, त्यांच्या मनात पोरीच्या आधी मुलगाच आला. दारावर चिकटवलेली नोटीस आली. सुनेचा चेहरा आला. आणि दाराआडून बघणारं ते लहान पोर आलं, आठ दिवस जवळ न येणारं. ओरडावं तर बोळात कोण ऐकणार? चौकीत पळावं तर अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी कधी पोहोचणार? दिवा आणखी एकदा लागला. या वेळी तो विझला नाही. कुणीतरी तिचा हात तिथून ओढून काढला असावा.

मग त्या चालायला लागल्या. बोळातून वळून, पुढच्या दारातून, ज्या पॅसेजमध्ये पाय टाकायचा नव्हता त्याच पॅसेजमधून. पाची दारं बंद होती, जाड, नवीन. हातात इस्त्री तशीच होती, ठेवायचं भानच राहिलं नव्हतं.

सहा नंबरच्या दारापाशी त्यांच्या तोंडून तेच आलं, जे एकोणतीस वर्षं येत होतं.

"चादर हवी का?"

आतून काही आलं नाही. मग घोगरा, अर्धाच आवाज आला, "दोन..."

दाराला आतून कडी लावायची नाही, असा नवा नियम होता. ही एक गोष्ट मात्र कायद्याने बरी केली होती. काकूंनी दार ढकललं. माणसाने पोरीला भिंतीशी धरलं होतं, एका हाताने, गळ्यापाशी. काकूंना काय बोलावं सुचेना. अरुंद जागेतून गरम भांडं नेताना बोलतात तसं त्या बोलल्या.

"बाजूला व्हा. गरम आहे."

त्याने मागे वळून बघितलं. समोर पांढऱ्या केसांची एक म्हातारी, हातात धूर सोडणारी इस्त्री, आणि ती इस्त्री अशी कापत होती की कुठे पडेल याचा भरवसा नव्हता. बहुतेक त्या कापण्यालाच तो घाबरला. काकूंना ढकलून तो बाहेर पळाला. इस्त्री खाली पडली, झाकण उघडलं, निखारे चादरीवर सांडले. काकूंनी आधी लाल बटण दाबलं आणि मग तांब्यातलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं. नंतर मात्र त्या कॉटवरच बसल्या. "पळा काकू," चष्मेवाली कुजबुजत होती, "मागून जा." पण काकूंना उठताच येईना.

पहारेकरी आला तो कमरेचा पट्टा बांधत. त्याने जळकी चादर बघितली, पोरीच्या गळ्यावरचे वळ बघितले, मग काकूंकडे वळला.

"आजी, तुमचं कार्ड?"

चष्मेवालीने जमिनीवर चाचपडून चष्मा शोधला, एक काच तडकलेली होती, तसाच डोळ्यांवर चढवला.

"त्यांना कार्ड कशाला?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "त्या माझं गिऱ्हाईक आहेत."

पहारेकरी बघतच राहिला. काकूही बघत राहिल्या.

"नियम वाचा तुमचा," चष्मेवाली म्हणाली. "गिऱ्हाईक बाई नसावी असं कुठे लिहिलंय? म्हातारी नसावी असं कुठे लिहिलंय? मी वाचलाय सगळा."

पहारेकऱ्याने वहीत दोन रकाने शोधले. एक कार्डवालीचा, एक गिऱ्हाइकाचा. तिसरा नव्हता. डोकं खाजवत त्याने लिहिलं, गिऱ्हाईक, स्त्री, वय अडुसष्ट. लिहिताना त्याचेच कान लाल झाले.

दुसऱ्या दिवसापासून सहाही जणींनी ठरवून टाकलं. रोज एकीची पाळी. आज एक नंबरची गिऱ्हाईक काकू, उद्या दोन नंबरची. काकूंचं टेबल पुन्हा पॅसेजमध्ये आलं. भिंतींमधून काही येत नव्हतं, म्हणून पोरी आतून दारावर टकटक करायला लागल्या. "या वयात काकूंना मागणी बघा," एक म्हणायची. काकू म्हणायच्या, मेल्यांनो, हसा, माझी पाचावर धारण बसलीये. आणि ती बसलेलीच होती. वही आठवड्याला तपासणीबाईकडे जायची. ती काही दुधखुळी नव्हती.

शनिवारी ती आली. वही उघडून उभ्या उभ्या वाचत राहिली. बाकीच्या नोंदींत सहा ओळी वेगळ्या, सहा खोल्या, एकच गिऱ्हाईक.

"आजी, तुम्ही इथे कशासाठी येता?"

खोटं बोलायचं काकूंनी घरून घोकून आणलं होतं. पण ऐन वेळी ते आठवेना.

"ऐकायला," त्या म्हणाल्या.

चष्मेवालीच्या गळ्यावरचे वळ आता पिवळे पडले होते, त्यांच्याकडे तपासणीबाईने बघितलं. मग म्हणाली, मला घंटा बघायचीय. सहा नंबरमध्ये एकटीच गेली. जाताना तिने चष्मा काढून गळ्यात सोडला, आणि दार आतून लोटून घेतलं.

काकूंच्या हातात चादर होती. दुसरं काय करणार, त्या इस्त्री फिरवायला लागल्या. दाराच्या फटीखाली उजेड आला, गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मग बराच वेळ अंधारच. एक चादर झाली, दुसरी झाली. आत माणूस होतं आणि आवाज नव्हता. ते कोण आहे, त्याच्या हातात आपलं काय आहे, हे सगळं काकू विसरल्या. त्या दारापाशी गेल्या.

"बाईसाहेब, चादर हवी का?"

आतून उत्तर आलं, हळू आवाजात.

"नको."

दार उघडलं. तपासणीबाईने चष्मा डोळ्यांवर लावला, वही काकूंच्या टेबलावर ठेवली आणि सहाही ओळींखाली सही केली. पुढच्या शनिवारी येईन, एवढंच बोलली.

त्या आठवड्यात मिस्त्री आला आणि सगळ्या खोल्यांतली घंटा दिव्यापासून लांब, उशापाशी लावून गेला, हाताला कळेल अशी मोठी, खडबडीत. काकूंबद्दल कागद मात्र कुठलाच आला नाही, राहा म्हणणारा नाही की जा म्हणणारा नाही. घरी अजूनही दार वाजलं की काकू जागच्या उठत नाहीत. सूनच दार उघडते. परवा तिने न्हाणीत जरा जास्त वेळ लावला, तर काकूंनी बाहेरून दारावर दोनदा टकटक केली. सून आतून ओरडली, "अहो, येतेय की." तेव्हा कुठे काकूंनी श्वास सोडला.