रविवारची बंद खोली
परवा तपासणीसाठी झोपले आणि ईसीजीची गार जेली छातीला लागली, तशी माझ्या वडिलांची, अप्पांची, बऱ्याच वर्षांपूर्वीची ती रविवारची दुपार आठवली. मैंदर्गीच्या बाजारातून भाजी घेऊन आलेले अप्पा उंबऱ्यातच बसले, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली आणि म्हणाले, ‘हार्ट अटॅक आहे. गोळ्या दिल्यात, पण बंद झालेली नस सोलापुरातच उघडता येईल. लगेच निघा.’ गाडीत तापलेल्या रेक्झिनचा वास कोंडला होता आणि बाहेर काढणीला आलेली ज्वारी वाळून उभी होती. अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, मांडीवर डोकं ठेवून अप्पा म्हणाले, ‘लई तरास देतोय की तुमाला.’ सोलापूरच्या रुग्णालयात नस उघडायचं यंत्र होतं, पण त्या खोलीला कुलूप होतं. ‘सुटीच्या दिवशी हे बंद असतं, दुसरीकडे न्या,’ असं तिथल्या नर्सनं खाली बघत सांगितलं. दुसऱ्या रुग्णालयाच्या वाटेवर अप्पा कानडीत एवढंच म्हणाले, ‘साकु,’ म्हणजे पुरे. अव्वा पदरानं वारा घालतच राहिली. ते गेल्याचं मला कळलं होतं, पण तिला थांब म्हणवेना. आता त्या पहिल्या रुग्णालयावर ‘हृदयरोग सेवा चोवीस तास’ अशी पाटी आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या काकांना रविवारीच तिथं नेलं आणि ते बरे होऊन घरी आले. त्यांना भेटून आल्यावर अव्वानं विचारलं, ‘ती पाटी कदी लावली गं?’ अप्पा गेले त्याच वर्षी, अवघ्या काही महिन्यांनी, दिवाळीत लागली होती. मी म्हणाले, ‘लई वर्षांनी लावली, अव्वा.’